दिवसातून दोनदा पाणी

लातूरच्या निम्म्या गल्ल्यांना ज्ञानोबा सोनकांबळे यांचं आडनाव ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या चपलेचा आवाज ठाऊक होता. एकतीस वर्षं ते पाणी सोडायच्या कामावर होते. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून यायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडून डावीकडं अकरा फेरे मारायचे, की गल्लीला पाणी. दोन तासांनी उजवीकडं अकरा फेरे, की बंद. बास, एवढंच काम. पण पाणी जिथं आठ-दहा दिवसांतून एकदा येतं, तिथं एवढ्याशा कामाला केवढं वजन येतं ते सांगायला नको. एका माणसानं पोरीच्या लग्नाची तारीख भटजीकडून काढून आणली, सतरा. मग तो ज्ञानोबांकडं आला. ज्ञानोबा म्हणाले, एकोणीस. लग्न एकोणीसला झालं आणि पोरीचा संसारही बरा चाललाय.

या कामानं त्यांना एक खोड लावली. कुठं पाणी ठिबकताना ऐकलं की त्यांना बसवत नसे. एकदा औसा रोडला एकाच्या घरी मातीला गेले होते. बाया रडत होत्या, माणसं खाली मान घालून बसली होती. ज्ञानोबा उठले, मागच्या मोरीत गेले, नळ घट्ट आवळला, परत येऊन बसले आणि मग त्यांना रडू आलं. घरी आंघोळ एका बादलीत, तीही पाऊण. आणि असा हा माणूस, ज्याच्या हातून कोट्यवधी लिटर पाणी गेलं असेल, तो स्वतः आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नव्हता.

ते निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवाळीत त्यांचा मुलगा आनंदराज नांदेडहून आला. तो तिथं रेल्वेच्या विभागीय कार्यालयात कारकून. त्याच्या ऑफिसातला एक जण मालवणला जाऊन समुद्रात बुडी मारून आला होता आणि माशांच्या मधे हात हलवतानाचा स्वतःचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवत फिरत होता. आनंदराजला ते काही केल्या सहन झालं नव्हतं.

"बाबा, आपण समदे जाऊ. पाठीला सिलिंडर बांधतेत, तोंडात नळी देतेत. स्कूबा म्हणतेत त्याला."

"खाली काय हाय?"

"मासे."

"मासे बघायला बुडायचं कशाला? बाजारात बसलेले दिसत न्हाईत का?"

आनंदराजनं आईकडं पाहिलं. त्याला वाटलं होतं, आई तर ऐकूनच घाबरेल. नागुबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "खाली बोलता येतंय का?"

"न्हाई माय. तोंडात नळी असते ना."

"मग मी येते," नागुबाई म्हणाल्या.

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. नागुबाई कुठल्याच गोष्टीला पहिल्या फटक्यात हो म्हणाल्याचं ज्ञानोबांना आठवत नव्हतं. ते इतके चकित झाले की त्यांच्याही तोंडून हो निघून गेलं.

तयारीचा जिम्मा सुनेनं घेतला. धम्मप्रिया नांदेडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. गळ्यात शिट्टी नसली तरी तिचं बोलणं शिट्टीसारखंच असे. तिनं सगळी माहिती काढली आणि सासू-सासऱ्यांना पंधरा दिवसांचा अभ्यास नेमून दिला. श्वास फक्त तोंडानं घ्यायचा. श्वास कोंडायचा नाही. आणि खाली बोलता येत नसल्यामुळं खुणा पाठ करायच्या. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला, म्हणजे सगळं ठीक. पंजा डुगडुगवला, म्हणजे काहीतरी गडबड.

"आणि मामा, अंगठा वर म्हणजे शाब्बास न्हाई बरं का. अंगठा वर म्हणजे वर चला. तेवढं ध्यानात ठेवा."

"ठेवलं," ज्ञानोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी भाकऱ्या झाल्या की दोघं ओसरीत समोरासमोर मांडी घालून बसू लागले. नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा, तोंड उघडं, आणि अधूनमधून एकमेकांना बोटांचा गोल दाखवायचा. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बसम्मा विरजण मागायला आल्या. त्या मूळच्या निलंग्याच्या पलीकडच्या, कानडी मुलखातल्या. दारात उभ्या राहून त्यांनी हा प्रकार बराच वेळ पाहिला. नागुबाईंनी त्यांना गोल दाखवला. बसम्मा विरजण न घेताच गेल्या.

गल्लीत आधी बोलवा उठली की सोनकांबळ्यांचं नवराबायकोचं बिनसलंय, बोलणं बंद आहे. मग कुणीतरी म्हणालं, छे, ते विपश्यना करतेत. बौद्धांचं घर असल्यामुळं हे सगळ्यांना एकदम पटलं. चिमटा ही त्यातली वरच्या पायरीची गोष्ट असणार, असंही ठरलं. पाचव्या दिवशी बसम्मा स्वतःचा चिमटा घेऊन आल्या आणि कोपऱ्यात बसल्या. सातव्या दिवशी ओसरीत सहा बाया आणि दम्याचे एक निवृत्त तलाठी होते. ज्ञानोबांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला की हे मालवणसाठी आहे.

"असू द्या हो," तलाठी चिमट्यातून गेंगाण्या आवाजात म्हणाले, "ज्यानं त्यानं आपापल्या मुक्कामाला जायचं असतं."

बसम्मांचं पित्त त्या आठवड्यात खरंच कमी झालं. त्याला कुणाचा इलाज नव्हता.

आता राहिली पाण्यात तोंड घालायची सवय. घरच्या हौदात उतरायला ज्ञानोबांनी साफ नकार दिला. पिण्याच्या पाण्यात पाय घालायचा म्हणजे त्यांना देवळात चपला घालून जाण्यासारखं वाटत होतं, आणि ते देवळात कधी जात नसत तरी वाटत होतं. तेव्हा रविवारी आनंदराज आणि धम्मप्रिया नांदेडहून आले आणि चौघं जण किल्लारीच्या अलीकडं ज्ञानोबांच्या धाकट्या भावाच्या, शेषेरावांच्या शेतावर गेले. तिथं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं होतं. त्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही म्हणून शेषेरावांनी बाभळीला दोर बांधून ठेवला होता. शेषेराव हौशी माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ठिबकच्या नळीचे हात-हातभर चार तुकडे कापले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिला.

"हे धरा तोंडात. दुसरं टोक वर राहू द्या. सिलिंडर गेलं चुलीत."

चौघांनी काठाच्या उथळ पाण्यात दोराला धरून तोंडं बुडवली. शेततळं होतं रस्त्याला लागून. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसणार? चार पाठी आणि वर निघालेल्या चार काळ्या नळ्या. किल्लारीकडं निघालेली एक वडाप जीप थांबली. त्यातली बारा माणसं उतरून काठावर आली. शेषेराव चहा आणायला घराकडं गेलेले, त्यामुळं सांगणारं कुणी नव्हतं. जमलेल्या लोकांनी आपसात विचार केला आणि निष्कर्ष काढला की यांची पाण्यातली मोटार तळाला गेली आहे.

"मोटार अशी न्हाई निघत," एक जण म्हणाला. "गळ टाकावा लागतो."

गळही निघाला, जीपमध्येच. एका म्हाताऱ्यानं तो अगदी नेम धरून टाकला आणि तो आनंदराजच्या बनियनमध्ये अडकला.

"लागली, लागली," म्हातारा म्हणाला. पाच जणांनी दोर ओढला. आनंदराज पाठमोरा काठावर आला, तोंडात नळी तशीच. त्यानं लोकांकडं पाहिलं आणि घाईघाईत पंजा डुगडुगवला. धम्मप्रियाला त्यातल्या त्यात एवढंच समाधान वाटलं की त्याला खूण बरोबर आठवली.

डिसेंबरात ते कोल्हापूरमार्गे मालवणला गेले. तिथं त्यांना बुडी शिकवायला जो माणूस मिळाला तो पस्तिशीचा, काळासावळा, बोलायला मोकळा. ज्ञानोबांनी विचारलं, "गाव कोणतं?"

"देगलूर," तो म्हणाला. "बालाजी माझं नाव."

देगलूरला समुद्र नाही. तिथून समुद्रापर्यंत यायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. बालाजी कॉलेजच्या सहलीला आला होता. बस सुटायच्या वेळी तो पाण्यात होता, बस निघून गेली, आणि तो राहिला तो राहिलाच. आता त्याला पंधरा वर्षं झाली होती. मुलूखवाला भेटला म्हणून ज्ञानोबांना धीर आला आणि त्यांनी मनातलं विचारून घेतलं.

"हे पाणी इतकं माघारी का गेलंय?"

"ओहोटी हाय काका. साडेअकराला भरती येते."

"आज साडेअकराला?"

"आजही आणि रोजही. वेळ रोज पाऊण-एक तास पुढं सरकते. दिवसातून दोनदा."

ज्ञानोबा वाळूत उभे राहिले. दिवसातून दोनदा. त्यांनी मनातल्या मनात लातूरच्या गल्ल्या मोजल्या, मग सोडून दिलं.

"सोडतंय कोण?"

बालाजी थट्टा करणाऱ्यातला नव्हता. त्यानं वर बोट दाखवलं. "चंद्र."

नंतर ज्ञानोबा धम्मप्रियाला म्हणाले की वेळापत्रक इतकं पक्कं असेल तर तक्रारच येत नसणार.

मग कागद भरायचा होता. दमा, रक्तदाब, फिट, कानाचं ऑपरेशन. ज्ञानोबांनी सगळ्याला 'नाही' लिहिलं. अंगात घालायचे काळे रबरी कपडे मिळाले. ज्ञानोबा पत्र्याच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांना चालताना आपण फुगलेल्या रबरी नळीत बसलोय असं वाटत होतं. बाहेर तसाच काळा पोशाख घातलेली, डोक्यावर टॉवेल घेतलेली एक बाई उभी होती. परक्या बाईकडं बघू नये म्हणून त्यांनी नजर खाली ठेवली.

"बाई, तिकडं आत आमची मंडळी कपडे घालत होती. झालं का त्यांचं, काही कळालं का?"

बाईनं बोटांचा गोल करून दाखवला. तेव्हा त्यांना कळलं. लग्नापासून त्यांनी नागुबाईंना लुगड्याशिवाय पाहिलं नव्हतं, म्हणजे चारचौघांत तरी. ते थोडे मागं सरकून उभे राहिले.

होडी निघाली तसा आनंदराज बोलायचा बंद झाला. सगळ्या वाटेत, कोल्हापूरपासून, तोच बोलत आला होता. कोणता मासा कसा ओळखायचा, खाली गेल्यावर कान कसे मोकळे करायचे. खडकाजवळ होडीनं नांगर टाकला आणि ती जागच्या जागी डुलायला लागली, तसा तो पिवळा पडून फळीवर आडवा झाला. बालाजीनं विचारलं, "दादा, तुम्ही पहिले?" आनंदराजनं डोळे मिटूनच अंगठा वर केला. तो अजून होडीतच होता. याहून वर त्याला कुठं जायचं होतं ते कुणी विचारलं नाही.

शेवटी पहिल्या खेपेला ज्ञानोबा आणि नागुबाई उतरले. ज्ञानोबांना बालाजीनं मागून धरलं, नागुबाईंना दुसऱ्या एका बुडीवाल्यानं. व्हिडिओ काढायला एक मालवणी माणूस कॅमेरा घेऊन आधीच खाली गेला होता. पाणी डोक्यावरून गेलं तेव्हा ज्ञानोबांनी बालाजीचा हात घट्ट धरला. पण पंधरा दिवस चिमटा लावून बसल्याचा उपयोग झाला. तोंडानं श्वास आपोआप चालू राहिला. कान दुखले, नाक दाबून फुंकर मारली, मोकळे झाले. दोन पुरुष खोल गेल्यावर पाय वाळूला लागले.

आजूबाजूला मासे होते. पिवळे होते, पट्ट्यापट्ट्यांचे होते, एक तर थेट त्यांच्या डोळ्यांवरच्या काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करत उभा राहिला. ज्ञानोबांना त्यातलं काही दिसलं नाही. त्यांना बुडबुडे दिसत होते. नागुबाईंच्या तोंडाजवळून, बुडीवाल्याच्या तोंडाजवळून, सगळीकडून बदाबदा बुडबुडे वर चालले होते आणि सूं सूं आवाज येत होता. तो आवाज त्यांनी एकतीस वर्षं रात्रंदिवस ऐकला होता. कुठंतरी लाइन फुटली की असाच येतो. श्वास सोडला की बुडबुडे येणार, हे त्यांना सांगितलेलं होतं आणि पटलेलंही होतं. पण ते डोक्याला पटलं होतं, हाताला नव्हतं.

कॅमेरावाला त्यांच्याकडं पाठ करून, गुडघे टेकून नागुबाईंचा व्हिडिओ काढत होता. त्याचं सिलिंडर ज्ञानोबांच्या हाताशी आलं. वर गोल खुंटी. ज्ञानोबांनी शांतपणे हात पुढं केला आणि खुंटी उजवीकडं फिरवली. एक फेरा. दोन. नळ चांगला होता, हलका फिरत होता, असं त्यांना जाणवलंही.

त्याचे बुडबुडे थांबले. ज्ञानोबांना बरं वाटलं.

पुढचं सगळं त्या व्हिडिओत आहे. नागुबाई दिसतात, मग एकदम वाळू, मग कुणाची तरी टाच, मग आकाश असावं तसं पांढरं काहीतरी. बालाजीनं झडप घालून ज्ञानोबांचा हात बाजूला केला आणि खुंटी उलटी फिरवली. कॅमेरावाल्याला दोन क्षण हवा मिळाली नाही, एवढंच. मग बालाजी ज्ञानोबांच्या समोर आला आणि त्यानं अंगठा वर केला.

ज्ञानोबांना अंगठ्याचा अर्थ झोपेतही सांगता आला असता. पण आपण नुकतंच एक काम केलेलं आणि समोरच्यानं अंगठा दाखवलेला. माणूस आहे, त्यांना वाटलं शाब्बास म्हणतोय. त्यांनीही नम्रपणे अंगठा वर केला. दोघांचं एकमत झालं, असं समजून बालाजीनं त्यांना वर नेलं.

होडीच्या काठाला धरून कॅमेरावाला बराच वेळ धापा टाकत होता. मग तो म्हणाला, "काकानू, माका मारूक इलास काय?"

"लीक होतं," ज्ञानोबा म्हणाले.

"लीक न्हाई काका," बालाजी म्हणाला. "तो श्वास होता त्याचा."

"लई वाया जात होता."

ज्ञानोबांना हळूहळू, होडीत बसून, अंगावरचं पाणी निथळत असताना कळायला लागलं, आपण काय केलं ते. त्यांनी उठून त्या माणसाला हात जोडले. तो म्हणाला, ऱ्हवांदे, आणि कॅमेरा पुसायला लागला.

मग त्यांना आठवण झाली. "ही कुठं हाय?"

नागुबाई खालीच होत्या. बालाजीनं पाण्यावर बोट दाखवलं. तिथं बुडबुडे फुटत होते, चार-पाच, मग जरा थांबून परत चार-पाच. वेळ पंधरा मिनिटांची ठरली होती. पंधरा झाली, अठरा झाली. ज्ञानोबा होडीच्या काठावर वाकून बसले आणि त्या बुडबुड्यांवरून नजर काढेनात. मधे एकदा बुडबुडे थांबले. ज्ञानोबांनी होडीची फळी इतकी घट्ट धरली की बोटात कुसळ गेलं. परत चार बुडबुडे आले. "येऊ दे," ते पुटपुटले, "येऊ दे, येऊ दे." धम्मप्रियानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेही त्यांना कळलं नाही.

तेविसाव्या मिनिटाला नागुबाई वर आल्या. त्यांना घेऊन आलेला बुडीवाला वैतागला होता. त्यानं तीनदा अंगठा वर केला, तीनही वेळा बाईंनी गोल दाखवला. त्यांना खूण कळली नाही म्हणावं तर चौथ्या वेळी त्यांनी त्याचा अंगठा हातात धरून हळूच खाली केला होता.

"आत्या, काय बघितलं?" धम्मप्रियानं विचारलं.

नागुबाईंनी टॉवेलनं तोंड पुसलं. त्या समुद्राकडं पाठ करून बसल्या, आनंदराजच्या कपाळावर हात ठेवून बघितला, त्याला लिंबाची फोड चोखायला दिली. मग धम्मप्रिया उतरली, मासे बघून शिस्तीत पंधराव्या मिनिटाला वर आली, आणि होडी परत फिरली.

संध्याकाळी किनाऱ्यावर बसल्यावर ज्ञानोबांनी विचारलं, "इतका वेळ काय करत होतीस खाली?"

"काहीच न्हाई," नागुबाई म्हणाल्या. "बसले होते वाळूवर."

"मासे?"

"होते की. ते त्यांच्या कामात, मी माझ्या." पायाशी वाळू सारत त्या म्हणाल्या, "अवं, तिथं कुणी हाक मारत न्हाई. भाकर झाली का, चहा ठेव, किल्ली कुठंय, काहीच न्हाई. मला वाटलं कान गेले का काय. मग कळालं, कान बरे हायेत."

ज्ञानोबांना चहाची तल्लफ आली होती. तेवढ्यात हाक मारणं बरं दिसणार नाही म्हणून ते स्वतः उठून टपरीवर गेले आणि दोन कप घेऊन आले. येताना एक सांडला.

परतल्यावर आनंदराजनं व्हिडिओ ऑफिसात कुणाला दाखवला नाही. लातूरच्या गल्लीत मात्र सगळ्यांनी पाहिला. नागुबाईंना वाळूवर निवांत बसलेलं बघून बसम्मांनी हात जोडले.

जानेवारीत नागुबाईंनी धम्मप्रियाला फोन केला. तो बुडीचं कार्ड मिळणारा शिकवणीवर्ग असतो म्हणे चार दिवसांचा, त्याला पोहता यावं लागतं का? लागतं, धम्मप्रिया म्हणाली. मग पंचावन्नाव्या वर्षी नागुबाई पोहण्याच्या तलावावर बायकांच्या तुकडीला जायला लागल्या. ज्ञानोबा स्कूटरवर सोडायला जात. पहिल्या दिवशी ते कुंपणाच्या जाळीतून बघत उभे राहिले. नागुबाई फळी धरून पाय मारत होत्या आणि चारी बाजूंनी पाणी उडत होतं, नुसतं उधळत होतं. त्यांनी बघितलं, आणि मग ते रस्त्याच्या कडेला जाऊन पेपर वाचत बसले. तीन महिन्यांत नागुबाईंना तलावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता यायला लागलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं धम्मप्रियाकडून वर्गाचं पुस्तक मराठीत लिहून घेतलं आणि भाजी निवडता निवडता पाठ केलं.

उन्हाळ्याच्या सुटीच्या आरंभी सासू-सुना दोघीच मालवणला निघाल्या. आनंदराजनं नांदेडहून फोनवरच शुभेच्छा दिल्या. ज्ञानोबा बसस्टँडवर पोचवायला गेले. त्यांनी पिशवी वर ठेवली, पाण्याची बाटली दिली, उतरून खिडकीखाली उभे राहिले.

"डाळ डब्यात हाय," नागुबाई म्हणाल्या. "कुकरच्या तीन शिट्ट्या."

"बरं."

"आणि बसम्माला विरजण द्या, मागं राहिलं."

"देतो. सांभाळून."

कोल्हापूरची गाडी भरायला लागली. नागुबाईंच्या शेजारी जवळच्याच मुरुडला उतरणारी कुणी बाई येऊन बसली. तिनं काय विचारलं कोण जाणे, नागुबाई तिच्याकडं वळल्या आणि बुडी मारायच्या चष्म्यात पाणी शिरलं तर ते नाकानं फुंकर मारून कसं काढायचं, ते हातवारे करून सांगायला लागल्या. त्या बाईनं पदर तोंडाला लावला होता. गाडी सुटली तरी नागुबाईंचं सांगणं चालूच होतं. त्यांना खिडकीतून बघायचं राहूनच गेलं.

ज्ञानोबा थोडा वेळ तिथंच उभे होते. मग बाहेरच्या गाड्यावरून त्यांनी अर्धा किलो पेरू घेतले आणि चालत घरी गेले.